पडेगावात न येणारं तेल

मंडळी, या शनिवारचा विषय जरा तेलकट आहे. आमच्या पडेगावात पामतेलाची पिशवी कुठल्याही किराणा दुकानात मिळते. करडईचं तेल मात्र शोधत फिरावं लागतं. असं का झालं?

पामतेलाचं झाड मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं. 1848 मध्ये डचांनी जावातल्या बोगोरच्या बागेत त्याची चार रोपं लावली. पुढे सुमात्रा-मलायातले मळे मुख्यतः त्यांच्याच वंशातून वाढले. या झाडाला बारमाही ऊब आणि वर्षाला साधारण 2000 मिलिमीटर पाऊस लागतो. आपल्याकडे पडतो जेमतेम 700!

उलट करडई अगदी आपल्या मातीची. मुळं खोल, त्यामुळे काळ्या रानातल्या उरलेल्या ओलीवर रब्बीत येते. मग हरली कुठे? काटेरी पिकाच्या काढणीला मजूर नाखूश, हरभरा सोपा, ही कारणं आहेतच. पण मोठा घाव बाजारात बसला. 1986 च्या तेलबिया मिशनने देश जवळजवळ स्वयंपूर्ण झाला होता. 1994 मध्ये पामोलीनची आयात खुली झाली आणि 65 टक्के आयातशुल्क 1998 पर्यंत 15 वर आलं. हेक्टरी तीन-चार टन तेल देणाऱ्या झाडापुढे कोरडवाहू करडई कशी टिकणार?

2021 मध्ये केंद्राने पामसाठी 11,040 कोटींचं अभियान जाहीर केलं. कोकण-गोव्यात लावा की! पण मराठवाड्यात तेलाचा हिशेब हेक्टरी टनांत नाही, पाण्यात करायला हवा. त्या हिशेबात करडई अजून हरलेली नाही, असं मला वाटतं.