ठाकोरसाहेब, दोन षटकं थांबा!

१७ डिसेंबर १९४८. कोल्हापूर स्टेशनात मीटरगेजच्या डब्यात तुम्ही कशीबशी जागा धरता. गावात अजून छत्रपती शहाजी महाराजांचं राज्य आहे. संस्थान मुंबई राज्यात विलीन व्हायला मार्च १९४९ उजाडायचाय. डब्यात कुस्तीशिवाय दुसरा विषय नाही. पुण्यात काठेवाडविरुद्ध रणजी सामना चाललाय, आपले भाऊसाहेब निंबाळकर तीनशेच्या पुढे गेलेत. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, उद्या काय होणार तेही. पण बोलायची सोय नाही. समोरचे आजोबा भाकरी-ठेच्याचं फडकं सोडतात. "पाव्हणं, बसा की, जेवून घ्या."

सकाळी पुणे. पूना क्लबच्या मैदानावर तुम्ही हद्दीच्या दोरीजवळ बसता. भाऊसाहेब सहाच दिवसांपूर्वी २९ वर्षांचे झालेत. डोक्यावर हेल्मेट नाही. ते यायला अजून तीस वर्षं आहेत. काल त्यांनी के. व्ही. भांडारकरांबरोबर दुसऱ्या विकेटसाठी ४५५ धावा जोडल्या, भांडारकरांच्या त्यात २०५. काठेवाड पहिल्या दिवशीच २३८ वर आटोपलं होतं. म्हणजे सामना कधीच संपलाय, उरलाय तो फक्त एका माणसाचा हिशोब.

तुम्ही आमच्या काळातले, त्यामुळे षटकाराची वाट बघत बसता. बसा. या अख्ख्या खेळीत षटकार एकच आहे. चौकार ४९. चौकार-षटकारांच्या मिळून २०२ धावा होतात, म्हणजे उरलेल्या २४१ धावा पळून काढलेल्या. फक्त स्वतःच्या, जोडीदारासाठी पळाले ते वेगळंच. जवळून बघा: चेंडू क्षेत्ररक्षकाच्या डाव्या हाताला गेला की ते पहिली धाव झपाट्याने पुरी करतात, वळताना बॅट लांब टेकवतात आणि मान वर करतात ती दुसरीसाठीच. समोरचे काठेवाडचे खेळाडू मात्र आता चालतच चेंडू आणायला जातात.

४४३. महाराष्ट्र ४ बाद ८२६. भाऊसाहेब ४९४ मिनिटं खेळलेत. खेळ मधल्या विश्रांतीसाठी थांबतो. जानेवारी १९३० मध्ये सिडनीत डॉन ब्रॅडमननी केलेल्या नाबाद ४५२ ला मागे टाकायला आता फक्त दहा धावा हव्यात.

आणि इथेच माशी शिंकते. काठेवाडचे कर्णधार राजकोटचे ठाकोरसाहेब. त्यांचं संस्थान फेब्रुवारीतच सौराष्ट्र संघात विलीन झालंय. राज्य गेलं, कप्तानी शिल्लक आहे. विश्वविक्रम आपल्या संघाविरुद्ध नोंदला जावा हे त्यांना पटत नाही. डाव घोषित करा, नाहीतर आम्ही निघालो, असा त्यांचा पवित्रा. महाराष्ट्राचे कर्णधार राजा गोखले विनवतात, दोनच षटकं खेळू द्या. तुम्हालाही वाटतं, उठावं आणि ओरडून सांगावं, "अहो साहेब, थांबा!" ते थांबत नाहीत. सामान बांधलं जातं, काठेवाडचा संघ मैदान सोडतो. सामना महाराष्ट्राला मिळतो.

आता एक उडी मारा. २८ नोव्हेंबर २०२२, अहमदाबाद. विजय हजारे करंडकाची उपांत्यपूर्व फेरी, पुन्हा महाराष्ट्र, समोर उत्तर प्रदेश. ४९ वं षटक. ऋतुराज गायकवाड डावखुरा फिरकीपटू शिवा सिंगला एकामागून एक सात षटकार ठोकतो, त्यातला एक नोबॉलवर. एका षटकात सात षटकार, एकूण ४३ धावा! भाऊसाहेबांनी आठ तासांत जेवढे षटकार मारले त्याच्या सातपट, चार-पाच मिनिटांत. ऋतुराज नाबाद २२०, षटकार सोळा.

इथे मी टाळ्या वाजवतो त्या शिवा सिंगसाठीही. सातवा चेंडू टाकायलाही तो पुन्हा धावत आलाच. मार खाणं ही नामुष्की नसते, खेळाचा भाग असतो. ठाकोरसाहेबांना संघाचं नाव विक्रमाच्या पुस्तकात नको होतं. त्यांनी दोन षटकं टाकू दिली असती, तर १९५९ साली कराचीत हनिफ मोहम्मदनी ४९९ केल्या त्या दिवशी तो विक्रम मोडला असता आणि काठेवाडचं नाव हळूहळू मागे पडलं असतं. निघून गेल्यामुळे ते कायमचं चिकटलं.

भाऊसाहेबांना कधी अधिकृत कसोटी खेळायला मिळाली नाही. प्रथम श्रेणीत ८० सामने, ४८४१ धावा. बीसीसीआयने २००२ साली त्यांना जीवनगौरव दिला तो सी. के. नायडूंच्या नावाचा, १९२६ मध्ये एमसीसीविरुद्ध एका खेळीत अकरा षटकार ठोकणारे तेच नायडू. ११ डिसेंबर २०१२ ला, ९३ वा वाढदिवस एका दिवसावर असताना, भाऊसाहेब कोल्हापुरातच गेले. नाबाद ४४३ ही भारतीय फलंदाजाची प्रथम श्रेणीतली सर्वोच्च खेळी आजही आहे.