कपाळावरची सुई

पनवेलमध्ये माझ्या एका त्वचारोगतज्ज्ञ मैत्रिणीचा दवाखाना आहे. कपाळावरच्या आठ्या घालवण्यासाठी बोटुलिनमचे इंजेक्शन घ्यायला आलेल्या बाईंना ती आधी मलम लावून बसवते, मग बर्फ फिरवते आणि बारीक सुईने टोचते. तरी प्रत्येकीचा पहिला प्रश्न ठरलेला: "दुखेल का हो?"

बोरघाट चढून पलीकडे गेले की कपाळाचीच एक जुनी गोष्ट सापडते. १७९२च्या युद्धात इंग्रज फौजेचा मराठी गाडीवान कावसजी टिपूच्या हाती लागला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच होता. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवले. ही रीत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन'ने ऑक्टोबर १७९४मध्ये छापली. नाकाच्या मापाचा मेणाचा पातळ पत्रा कपाळावर पसरायचा, भोवती रेघ मारायची आणि तेवढी कातडी सोलायची. भुवयांमधली चिंचोळी पट्टी मात्र जोडलेलीच ठेवायची, म्हणजे रक्तपुरवठा चालू राहतो. कातडी खाली वळवून बसवायची, वर कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या. चार दिवसांनी तुपात भिजवलेले कापड. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती पट्टी कापायची. एवढे सगळे लिहिले आहे. किती दुखले, याबद्दल अवाक्षर नाही. शस्त्रवैद्याचे नावही नाही, हे मला जास्त खटकते.

लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी १८१४मध्ये हीच शस्त्रक्रिया केली, तीही भूल न देता. देणार कुठून? ईथरचा जाहीर प्रयोग बोस्टनला झाला तो १८४६मध्ये. शिवाय अख्खा माणूस झोपवणे वेगळे आणि कपाळाचा एवढासा भाग बधिर करणे वेगळे. ती वाट १८८४मध्ये कार्ल कोलर यांनी कोकेनने डोळा बधिर करून दाखवली. पण कोकेन विषारी आणि व्यसन लावणारे. १९४३मध्ये स्वीडनच्या निल्स लोफग्रेन आणि बेंग्ट लुंडक्विस्ट यांनी लिडोकेन तयार केले. लुंडक्विस्टने ते स्वतःच्याच बोटांत टोचून पाहिले!

मैत्रिणीच्या मलमात हेच लिडोकेन असते. चेतातंतूच्या पटलातली सोडियमची दारे ते अडवते, त्यामुळे वेदनेचा संदेश पुढे सरकत नाही. बर्फाने संदेशाचा वेग मंदावतो. टोचताना ती शेजारी बोटाने थोपटतेही. मूल पडले की आपण गुडघा चोळतो, तोच प्रकार: स्पर्शाचे संदेश वेदनेच्या संदेशांना मज्जारज्जूतच अडवतात, अशी उपपत्ती मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५मध्ये मांडली.

मलम फार फासले तर मात्र लिडोकेन रक्तात उतरून हृदयावर आणि मेंदूवर परिणाम करू शकते. म्हणून मैत्रीण ते मोजून लावते. "आणखी थोडं लावा ना" म्हटले तरी ऐकत नाही.