सातबारा आणि पोस्टग्रेस

बंगळूरला २०२४ साली पोस्टग्रेस या डेटाबेसचं संमेलन भरलं होतं; नातीबरोबर मीही गेलो. निरनिराळे तक्ते सामाईक क्रमांकाने जोडायची कल्पना एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. मंडळी, आमच्या कर्जत-खालापूरचा तलाठी त्याआधीपासून हेच करत होता! सर्व्हे नंबर धरून नमुना सात मालकीचा, बारा पिकांचा, सहा फेरफारांचा. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबाराही मिळू लागला. पण पिढ्यान्‌पिढ्या वरकस जमीन कसूनही ज्या कातकऱ्याचं नाव वहीत चढलंच नाही, ते संगणकात कुठून येणार? यंत्र लिहिलेलं तेवढंच जपतं. राहिलेली नावं लिहायला मात्र अजून माणसालाच वाडीवर जावं लागतं.