बालकांतील अवधान-विकाराचे निदान आणि दैनंदिन कार्यबाधेचा निकष : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
वर्गात एका जागी न बसणारे, प्रश्न पूर्ण होण्याआधीच उत्तर देणारे, वही-पेन्सिल वारंवार हरवणारे मूल प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाचे असते. अशा वर्तनास स्वभाव म्हणावे की विकार, हा प्रश्न केवळ लक्षणे मोजून सुटत नाही. त्या लक्षणांमुळे मुलाचे शिक्षण, घरातील वावर आणि सवंगड्यांशी असलेले संबंध बाधित होतात काय, हे पाहणे अवधान-अभाव अतिचंचलता विकाराच्या (एडीएचडी) निदानात आज अनिवार्य मानले जाते. लक्षण आणि कार्यबाधा यांतील हा भेद निदानशास्त्रात कसा प्रस्थापित झाला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रारंभीची निरीक्षणे :
स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्रायटन यांनी १७९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानसिक विकारांवरील ग्रंथात अवधानावर स्वतंत्र प्रकरण लिहिले. जन्मजात अस्थिर अवधानाचा शिक्षणावर परिणाम होतो. मात्र तो सर्व अध्यापन निष्फळ ठरावे इतका तीव्र क्वचितच असतो, असे त्यांचे निरीक्षण होते. म्हणजेच दोषाची नोंद करतानाच त्याच्या परिणामाची मात्राही त्यांनी विचारात घेतली होती.

१९०२ मध्ये जॉर्ज स्टिल यांनी लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये दिलेल्या व्याख्यानांत, बुद्धी सामान्य असूनही आत्मनियंत्रण नसलेल्या मुलांचे वर्णन केले. त्यांचा मापदंड मुख्यतः नैतिक होता. मुलाला स्वतःला कोणती अडचण येते यापेक्षा त्याचे वर्तन समाजमान्य नियमांत बसते काय, यावर त्यांचा भर होता.

कारणमीमांसेचा कालखंड :
पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस पसरलेल्या मेंदूज्वराच्या साथीतून बचावलेल्या अनेक मुलांमध्ये वर्तनदोष आढळले. परिणामी चंचलतेचे मूळ मेंदूच्या इजेत शोधण्याची प्रवृत्ती बळावली. १९३७ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स ब्रॅडली यांनी ३० मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध दिले असता सुमारे निम्म्या मुलांच्या शालेय कामगिरीत लक्षणीय सुधारणा दिसली. येथे उपचाराचे यश शालेय कामाच्या कसोटीवर तपासले गेले, ही बाब उल्लेखनीय आहे. निदानाच्या भाषेत मात्र ही कसोटी उतरली नाही. पुढील दोन-तीन दशके 'अल्प मेंदू-इजा' आणि नंतर 'अल्प मेंदू-कार्यदोष' या संज्ञांचेच वर्चस्व राहिले.

लक्षणसूचीचा उदय :
अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या (डीएसएम) १९६८ च्या दुसऱ्या आवृत्तीत या विकाराचे वर्णन अवघ्या काही ओळींत होते. १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीने लक्षणांची सूची, प्रारंभाचे वय आणि सहा महिन्यांचा कालावधी असे निश्चित निकष दिले. त्यामुळे निदानात एकवाक्यता येण्यास मदत झाली. परंतु कार्यबाधेचा स्वतंत्र निकष त्यात नव्हता. १९८७ च्या सुधारित आवृत्तीने १४ पैकी ८ लक्षणांची अट घातली आणि तीव्रतेच्या 'सौम्य' श्रेणीत, शालेय व सामाजिक जीवनात नगण्य बाधा असलेली किंवा मुळीच बाधा नसलेली मुलेही समाविष्ट केली. लक्षणे मोजली की निदान पूर्ण, असा अर्थ त्यातून निघू शकत होता.

१९९४ चा बदल :
चौथ्या आवृत्तीपूर्वी ४ ते १७ वयोगटातील ३८० मुलांची क्षेत्रीय चाचणी घेण्यात आली. लक्षणसंख्येचा उंबरठा ठरविताना किती लक्षणांपासून प्रत्यक्ष अडचणी वाढतात, हे तपासले गेले. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीत दोन अटी स्पष्टपणे आल्या : घर व शाळा यांसारख्या किमान दोन ठिकाणी बाधा दिसावी आणि सामाजिक, शैक्षणिक वा व्यावसायिक कार्यात लक्षणीय बाधेचा स्पष्ट पुरावा असावा.

तथापि निकष छापला गेला म्हणून तो व्यवहारात पाळला जातोच असे नाही. मायकेल गॉर्डन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवून दिले की, लक्षणांची तीव्रता आणि कार्यबाधा यांचा परस्परसंबंध अपेक्षेहून क्षीण आहे. बाधेतील चढउतारांपैकी सरासरी १० टक्क्यांहून कमी भागाचे स्पष्टीकरण लक्षणांवरून मिळते. केवळ लक्षणसूचीवर विसंबल्यास दोन्ही बाजूंनी चूक संभवते. अनेक लक्षणे असूनही व्यवस्थित निभावणाऱ्या मुलावर शिक्का बसतो, तर मोजकी लक्षणे असलेले पण अभ्यासात व मैत्रीत सतत मागे पडणारे मूल दुर्लक्षित राहते.

बाधा कोणाच्या तुलनेत मोजावी, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील ९ लाखांहून अधिक मुलांच्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलग्यांत निदानाचे प्रमाण ३० टक्के, तर मुलींत ७० टक्के अधिक आढळले. तेथे शाळाप्रवेशाची सीमा ३१ डिसेंबर असल्याने डिसेंबरची मुले वर्गात वयाने सर्वांत लहान असतात. वयानुरूप अपरिपक्वताच येथे अनेकदा विकार ठरत असावी, असे या आकड्यांवरून सूचित होते.

अलीकडील भूमिका :
२०१३ च्या पाचव्या आवृत्तीत प्रारंभाची वयोमर्यादा ७ वरून १२ वर्षे झाली आणि बालवयातच बाधा दिसली पाहिजे, ही अट वगळण्यात आली. 'लक्षणीय बाधा' या शब्दांऐवजी कार्यात व्यत्यय येणे किंवा कार्याचा दर्जा घटणे, अशी तुलनेने शिथिल शब्दयोजना आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या रोगवर्गीकरणातही शैक्षणिक, व्यावसायिक वा सामाजिक कार्यावरील प्रत्यक्ष प्रतिकूल परिणाम आवश्यक मानला आहे.

निष्कर्ष :
या इतिहासातून असे दिसते की, नैतिक दोष, मेंदूची इजा आणि लक्षणसूची या टप्प्यांनंतर मुलाचे दैनंदिन जीवन निदानाच्या केंद्राजवळ आले. बाधेचे मापन मात्र अद्याप पालक व शिक्षकांच्या अपेक्षांशी बांधलेले आहे. त्यामुळे शिक्षकाने भरून दिलेले निरीक्षणपत्र हा निदानाचा महत्त्वाचा आधार ठरतो. ते भरताना मुलाचे वय, वर्गाची रचना आणि त्याची प्रत्यक्ष अडचण लक्षात घेतली, तरच १९९४ मध्ये स्वीकारलेल्या निकषाचा हेतू सफल होईल.