चोराच्या खंजिराची पन्नास वर्षे

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रे वठवण्याच्या खेळाच्या तीन पुस्तिका एका खोक्यात घालून विकायला काढल्या. त्यांत योद्धा होता, मांत्रिक होता, पुरोहित होता; चोर मात्र नव्हता. अद्भुतकथांमध्ये चोरांचा दुष्काळ होता असे नाही. टॉल्कीनच्या ‘द हॉबिट’मध्ये (१९३७) बिल्बोला मोहिमेवर घेतात ते घरफोड्या म्हणूनच. फ्रिट्झ लायबरचा ग्रे माउझर १९३९ पासून तलवारीइतकाच हातचलाखीवर जगत होता, आणि जॅक व्हान्सचा लबाड क्युजेल १९६६ साली पुस्तकरूपाने आला होता. पुढे १९७९ मध्ये गायगॅक्सने आपल्या प्रेरणास्थानांची यादी छापली, तिच्यात हे तिन्ही लेखक आहेत. तरीही चोराची कल्पना त्याच्याकडे आली ती दुसऱ्याच्या मुखातून. कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका इथल्या ‘एरो हॉबीज’ या दुकानाच्या गॅरी स्वित्झरने दूरध्वनीवर आपल्या मंडळींनी रचलेल्या चोराचे वर्णन केले. गायगॅक्सने ते आपल्या पद्धतीने बेतून जून १९७४ मध्ये खेळाडूंच्या एका छोट्या वार्तापत्रात छापले, आणि १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत चोर खेळाचा रीतसर भाग झाला.

पाठीत खंजीर खुपसणे हा आपल्याकडे निंदेचा विषय. इथे तो नियम झाला. शत्रूच्या मागून गुपचूप वार केला तर नेम लागण्याची शक्यता शेकडा वीसने वाढे आणि इजा दुप्पट होई. चोराची पातळी चढेल तसा हा गुणक वाढे. १९७८ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये त्याचे कोष्टकच आले: चौथ्या पातळीपर्यंत दुप्पट, आठव्यापर्यंत तिप्पट, बाराव्यापर्यंत चौपट, सोळाव्यापर्यंत पाचपट. कागदावर हे भयंकर दिसते. पण त्याच पुस्तकात पहिल्या पातळीच्या चोराची आवाज न करता चालण्याची शक्यता शेकडा १५ आणि सावलीत लपण्याची शेकडा १० आहे. दोन्ही एकाच वेळी साधायचे म्हटले तर शेकडा दीड! असा चोर जत्रेतसुद्धा पहिल्याच खिशाला पकडला गेला असता. साधलाच वार, तर चार बाजूंच्या फाशावर चालणाऱ्या खंजिराची सरासरी इजा अडीचावरून पाचावर जाई, एवढेच. म्हणजे चोराचे लढणे हा त्याचा धंदा नव्हताच. तो क्वचित फळणारा जुगार होता. कुलपे उघडणे, सापळे शोधणे, भिंती चढणे हा त्याचा खरा उद्योग.

१९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘रोग’, म्हणजे भामटा, हे चोर आणि शाहीर या दोघांच्या गटाचे नाव झाले. पाठीवरचा वार फारसा बदलला नाही, अटी मात्र अधिक स्पष्ट झाल्या: बळी बेसावध हवा, शिवाय त्याची शरीररचना माणसासारखी हवी. संगणकावर वाढलेली पिढी याच नियमाला ओळखते, कारण १९९८ चा ‘बाल्डर्स गेट’ हा संगणकखेळ दुसऱ्या आवृत्तीवर बेतलेला होता.

खरे वळण २००० साली आले. मूळ प्रकाशक टीएसआर १९९७ मध्येच विझर्ड्स ऑफ द कोस्टच्या ताब्यात गेली होती. मॉन्टी कुक, जॉनथन ट्वीट आणि स्किप विल्यम्स यांनी तिसरी आवृत्ती रचताना गुणाकार काढून टाकला आणि बेरीज आणली. पहिल्या पातळीला सहा बाजूंचा एक जादा फासा, मग दर दोन पातळ्यांना आणखी एक, एकोणिसाव्या पातळीला दहा. नाव पडले ‘स्नीक अटॅक’. पण फाशांपेक्षा मोठा बदल अटीत होता. आता शत्रू स्वतःला सावरू शकत नसला तरी चाले, किंवा त्याच्या एका बाजूला भामटा आणि अगदी विरुद्ध बाजूला त्याचा साथीदार उभा असला तरी चाले. अंधारात एकटा सरपटणारा चोर इथे संपला. त्याचा घाव आता मित्राने कुठे पाऊल रोवले आहे यावर ठरू लागला. प्रेते आणि यंत्रपुतळे मात्र सुरक्षित राहिले, कारण ज्याला काळीजच नाही त्याच्या मर्मावर घाव कसा घालणार? तर्क बिनतोड, पण थडग्यांनी भरलेल्या मोहिमेत भामटा खेळणाऱ्याची पूर्ण संध्याकाळ वाया घालवणारा. ही सूट २००८ च्या चौथ्या आवृत्तीने काढली, आणि तिसऱ्या आवृत्तीच्याच वंशातल्या ‘पाथफाइंडर’ने २००९ मध्ये बरीचशी. चौथ्या आवृत्तीने घाव फेरीतून एकदाच लागेल अशी मर्यादाही घातली. मला ती न्याय्य वाटते. आधी दोन्ही हातांनी सपासप वार करणारा भामटा प्रत्येक वारावर मूठभर फासे टाकत असे.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत साथीदार समोरच उभा हवा ही अटही गळाली; तो शत्रूपासून पाच फुटांत असला की पुरे. घाव प्रत्येक पाळीत एकदा, म्हणून चतुर खेळाडू दुसऱ्याच्या पाळीत संधी साधून तो पुन्हा लावतो. दहा फाशांची सरासरी ३५ भरते. जुन्या चोराच्या लांब तलवारीचा पाचपट वार सरासरी साडेबावीसच्या पुढे जात नसे, तोही पाठ सापडली तर.

२०२४ च्या सुधारित पुस्तकाने हे भांडवल खर्चायला दिले आहे. पाचव्या पातळीपासून एक फासा सोडून शत्रूला विषबाधा करता येते, पाडता येते किंवा वार करून निसटता येते. चौदाव्या पातळीला भामट्याकडे सात फासे असतात. त्यांतले सहा सोडले तर समोरच्याला बेशुद्ध पाडण्याचा प्रयत्न करता येतो. उरलेल्या एका फाशावर घाव जेमतेम खरचटण्याएवढा होतो, आणि रखवालदार लोळला की कुलपाकडे जायला वाट मोकळी.