दिवस भरायच्या आत आलेली मुलं

सातव्या महिन्यात झालेलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही, हे तुमच्या आजीनंही सांगितलं असेल. आमच्या बचत गटांत कोकणातल्या बायका आहेत, देशावरच्या आहेत, उत्तर प्रदेशातून आलेल्या आहेत; प्रत्येकीनं हे ऐकलेलं आहे. गंमत म्हणजे हा समज एकट्या आपल्याकडचा नाही. ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या नावावर जे जुने वैद्यक ग्रंथ आहेत, त्यांतही आठव्या महिन्यातलं मूल वाचत नाही असं लिहून ठेवलंय. त्याला दोन हजारांहून जास्त वर्षं झाली, आणि तेव्हापासून तो चुकीचाच आहे. पोटात जितके दिवस जास्त, तितकी बाळ वाचण्याची शक्यता जास्त, एवढा साधा हिशेब आहे. ३७ आठवडे पुरे होण्याआधी झालेल्या बाळाला डॉक्टर अपुऱ्या दिवसांचं म्हणतात, आणि २८ आठवड्यांच्या आत झालं तर फारच लवकर आलेलं.

पूर्वी अशा बाळाला कापसात गुंडाळायचे, बाजेखाली शेगडी ठेवायचे. आपण आता ‘पेटीत ठेवलंय’ म्हणतो. ही काचेची पेटी आली कोंबडीच्या पिल्लांवरून. पॅरिसमध्ये तार्निए नावाच्या प्रसूतितज्ज्ञानं १८८० च्या सुमारास तिथल्या प्राणिसंग्रहालयात अंडी उबवायची यंत्रं पाहिली आणि बाळांसाठी तसंच काहीतरी करून मागितलं. पुढे अमेरिकेत कोनी आयलंडच्या जत्रेत ही बाळं पेटीसकट लोकांना दाखवायचे, २५ सेंट तिकीट लावून. ऐकायला वाईट वाटतं. पण त्या पैशातून बाळांचा खर्च भागायचा आणि आईबापांकडून काही घेत नसत. १९४३ पर्यंत हे चाललं.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. मुलुंड, भांडुप, घाटकोपरच्या बायकांना सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय सांगायला नको. बाळ फार नाजूक असलं की ‘सायनला न्या’ हे शब्द आपल्या कानावर येतातच. तिथल्या नवजात बाळांच्या विभागात डॉ. अर्मिडा फर्नांडिस काम करत होत्या. तेव्हा बाळं जंतुसंसर्गानं जायची. खाटा कमी, नर्स कमी, आणि बाळाच्या तोंडात बाटलीतून डब्याचं दूध. बाईंनी बाटल्या बंद केल्या. आयांना दाराबाहेर बसवून ठेवण्याऐवजी आत घेतलं, बाळाची देखभाल त्यांच्याच हातात दिली. आम्हाला विचाराल तर या सगळ्या इतिहासात यंत्रापेक्षा ही गोष्ट मोठी आहे. धुणीभांडी करणारी, सही न येणारी बाई काचेच्या खोलीत गेली आणि उपचाराचा भाग झाली.

पण आईलाच दूध आलेलं नसेल, ती दुसऱ्या दवाखान्यात बेशुद्ध असेल, तर काय? त्यासाठी २७ नोव्हेंबर १९८९ रोजी सायनला आईच्या दुधाची पेढी सुरू झाली. आशिया खंडातली पहिली. ज्या आईला आपल्या बाळाला पुरून दूध उरतं, ती ते देते. आधी तिच्या रक्ताची तपासणी होते. मग दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर अर्धा तास तापवून, पुन्हा तपासून, गोठवून ठेवतात. ते मिळतं लवकर आलेल्या, आजारी बाळांना. दूध कुणाचं, कुठल्या जातीचं, कुठल्या धर्माचं, हे बाटलीवर लिहिलेलं नसतं. आपल्या चाळीत पाण्याच्या हंड्यावरून काय काय होतं ते आठवा, म्हणजे या पेढीची किंमत कळेल.

दवाखाना जवळ नाही तिथं काय करायचं, याचं उत्तर गडचिरोलीनं दिलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९५ पासून ३९ गावांत गावच्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळाचे श्वास मोजायचे, वजन करायचं, उबदार पिशवीत ठेवायचं, गरज पडली तर इंजेक्शनही द्यायचं. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. आज आशाताई घरी येऊन बाळ बघून जातात ना, त्या भेटींचं मूळ हे.

इथपर्यंत झाली वाचण्याची गोष्ट. वाढण्याची गोष्ट कमी सांगितली जाते, आणि आज आम्हाला खरं तीच सांगायची होती.

कारण गटाच्या बैठकीत ती रोज निघते. मूल वाचलं, घरी आलं, पेढे वाटले. आठ-नऊ वर्षांनी शाळेतून चिठ्ठी येते: वाचतं बरं, पण गणित जमत नाही, फळ्यावरचं उतरवून घेत नाही, लक्ष नाही. घरी मग आईचं नाव निघतं. ‘हिनंच लाडावलंय.’ नाहीतर ‘सातव्यातलं आहे, असंच राहणार.’

पुण्याच्या केईएम रुग्णालयानं या प्रश्नाचा पाठपुरावा नेटानं केला. डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ मध्ये जन्मलेली, दोन किलोपेक्षा कमी वजनाची बाळं घेतली आणि ती अठरा वर्षांची होईपर्यंत त्यांची तपासणी केली. शेजारी तुलनेला पुऱ्या वजनाची मुलंही ठेवली. अठरा वर्षं! भाड्याची घरं बदलतात, नोकऱ्या बदलतात, त्यातून माणसं शोधून पुन्हा पुन्हा बोलवायची, हे काम सोपं नाही. त्यांना दिसलं ते असं. बहुतेक मुलांची बुद्धी सर्वसाधारण मर्यादेतच होती, पण पुऱ्या वजनाच्या मुलांपेक्षा सरासरीनं थोडी मागे. जी लवकरही आली आणि पोटात असतानाच खुरटलीही होती, ती सगळ्यांत मागे. बाराव्या वर्षी गणितात अडचण, आणि डोळ्यांनी बघून हातानं करायच्या कामात अडचण. म्हणजे चित्र बघून तसंच काढणं, फळ्यावरचं वहीत उतरवणं.

ही चिठ्ठीतली तक्रार आणि हा अभ्यास शेजारी ठेवून बघा. त्या मुलाला आळशी म्हणण्याचं कारण उरत नाही आणि आईला बोल लावण्याचंही नाही. ‘असंच राहणार’ हेही त्यातून निघत नाही. त्यातून एवढंच निघतं की अशा मुलावर दहावीपर्यंत लक्ष हवं, दवाखान्यातून घरी आलं म्हणजे संपलं असं नाही.

डोळ्यांचं वेगळं सांगतो. १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेत पेटीतली बाळं मोठ्या संख्येनं आंधळी होऊ लागली. जास्तीचा प्राणवायू त्याला कारण, हे कळायला दहाएक वर्षं गेली. गायक स्टीव्ही वंडर त्यांतलाच, १९५० मध्ये लवकर जन्मलेला. म्हणून ३४ आठवड्यांच्या आतलं किंवा दोन किलोच्या आतलं बाळ असेल तर जन्मापासून तीस दिवसांच्या आत डोळ्यांचा पडदा तपासायचा असतो. बाळ छान बघतंय असं वाटलं तरी. ही तारीख चुकली तर नंतर फार थोडं हातात राहतं.

आणि वयाचा हिशेब. दोन महिने आधी आलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं, तर त्याला चार महिन्यांचं धरायचं. साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत असंच मोजतात. जावेचं बसायला लागलं, आपलं नाही, म्हणून रडू नका, आधी महिने वजा करा. तरीही मागे वाटलं तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. २०१३ मध्ये तो आपल्या पालघरहूनच सुरू झाला. अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत त्याचं पथक येतं, अठरा वर्षांपर्यंतची मुलं तपासतं. पथक येईल त्या दिवशी दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड बरोबर न्या. किती आठवड्यांचं झालं आणि वजन किती होतं, हे दोन आकडे त्यावर असतात. कार्ड पावसाळ्यात भिजलं असेल तर ते आकडे निदान वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.