जीर्णोद्धाराचा पाठभेद

वरूड-शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. झाड वाढले तरी सांधा ओळखू येतो. दुर्मीळ यंत्राच्या जीर्णोद्धारालाही हाच न्याय लावावा.

जपानच्या तामिया कंपनीने एकास बारा प्रमाणातील प्रतिकृतीसाठी खरी पोर्शे ९११ विकत घेऊन सुटी केली. त्याच प्रतिकृतीतून १९७६ साली 'पोर्शे ९३४' ही रेडिओ-नियंत्रित मोटार निघाली. तिचा वेगनियंत्रक यांत्रिक, मोटर ब्रशची. आज तिथे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक आणि ब्रशविरहित मोटर बसवता येते. गाडी वेगाने धावते. मात्र १९७६चे तंत्र सांगणारा पुरावा हरवतो. पोथीत स्वतःचे शब्द मिसळणारा लेखनिक हेच करतो. संपादक पाठभेद नोंदवतो; जीर्णोद्धारकानेही काढलेले भाग जपावेत, बदल नोंदवावेत.